परिचारिकेची निष्ठा रुग्णालयाच्या मालकीची नाही

परिचारिकांचा संप झाला, एखाद्या वॉर्डात दुर्घटना घडली किंवा एखाद्या खासगी रुग्णालयातल्या दहा-बारा सिस्टर्स एकदम राजीनामे देऊन आखाती देशांकडे निघाल्या, की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. एका बाजूचे लोक म्हणतात, पूर्वीच्या सिस्टर्समध्ये सेवाभाव होता, आता तो राहिला नाही. जिथे काम शिकल्या त्या संस्थेशी निष्ठा नाही, चार पैसे जास्त मिळाले की चालल्या. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सेवाभाव, चारित्र्य, त्याग हे सगळे बायकांना स्वस्तात राबवून घेण्याचे शब्द आहेत. पगार द्या, माणसं द्या, बाकीचं प्रवचन नको. मे २०२२ मध्ये खासगी एजन्सीमार्फत भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हाही हेच दोन सूर ऐकू आले. एक सूर दुखावलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांचा, दुसरा दमलेल्या परिचारिकांचा. दोघांचंही दुखणं खरं आहे. पण दोघांनीही प्रश्न भलत्याच टोकाला धरला आहे.

माझी भूमिका आधीच मांडून ठेवणं बरं. परिचारिकेचं चारित्र्य आणि तिची व्यावसायिकता या अगदी खऱ्या गोष्टी आहेत, त्यांवर माणसांचं जगणं-मरणं ठरतं, आणि कामाच्या ठिकाणाशी असलेली बांधिलकी त्यांतूनच उगवते. मात्र ती थेट उगवत नाही. चांगल्या परिचारिकेची पहिली बांधिलकी खाटेवरच्या माणसाशी असते. रुग्णालय तिला त्या माणसाची नीट शुश्रूषा करू देत असेल, तर ती बांधिलकी रुग्णालयापर्यंत पोचते. करू देत नसेल, तर तिचं चारित्र्यच तिला तिथून बाहेर काढतं, नाहीतर तिथेच राहून भांडायला लावतं. त्यामुळे कोण किती वर्षं टिकलं यावरून चारित्र्य मोजता येणार नाही, आणि चारित्र्याचं नावच काढू नका असं म्हणूनही भागणार नाही.

चारित्र्य खरं आहे असं मी का म्हणते? कारण शुश्रूषेचं निम्मंअधिक काम कुणी बघत नसताना होतं. डॉक्टरांचा राऊंड सकाळी असतो, नातेवाईक संध्याकाळी येतात. रात्री तीन वाजता बेशुद्ध माणसाची कूस बदलली की नाही हे फक्त त्या परिचारिकेला ठाऊक असतं. पाठीवर लालसर डाग दिसतो आहे का, सुईच्या जागी सूज आली आहे का, कॅथेटरची पिशवी किती भरली, एका रुग्णाला हात लावून दुसऱ्याकडे जाताना हात धुतले का, यांतल्या कशाचाच साक्षीदार नसतो. त्याहून कठीण प्रसंग चुकीचा. एखादं इंजेक्शन दुप्पट मात्रेत गेलं, रुग्णाला अजून काही झालेलं नाही, कदाचित होणारही नाही. अशा वेळी स्वतःहून फोन उचलून डॉक्टरांना उठवणं, आपली चूक केसपेपरवर लिहिणं आणि पुढचे चार तास त्या खाटेपाशी थांबणं, हे कुठल्याही नियमावलीतून येत नाही. एकाच वॉर्डात, एकाच पगारावर, सारख्याच ओझ्याखाली काम करणाऱ्या दोन परिचारिकांपैकी एक हे करते आणि दुसरी करत नाही, हे रुग्णालयात काम केलेला प्रत्येक माणूस जाणतो. हा फरक नाकारणं म्हणजे त्या पहिलीवर अन्याय आहे.

फ्लोरेन्स नाइटिंगेलला हे पक्कं माहीत होतं. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक शिकाऊ परिचारिकेचा दरमहा एक तक्ता भरला जाई. त्यात कौशल्याबरोबर स्वभावाचेही रकाने होते: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप. आज वाचताना तो तक्ता शाळामास्तरी वाटेल. पण त्या काळी इंग्लंडात परिचारिका म्हटलं की दारूडी, चोरटी, लाच घेणारी बाई अशी प्रतिमा होती, आणि ती पुसून या कामाला व्यवसायाची इभ्रत मिळवून देण्यात त्या रकान्यांचा वाटा होता.

आपल्याकडे चारित्र्याच्या मुद्द्याला वेगळीच आणि दुखरी किनार आहे. परपुरुषाच्या अंगाला हात लावणारी, रात्री घराबाहेर राहणारी बाई म्हणून परिचारिकेकडे पाहिलं गेलं. त्यात कुणाचंही मलमूत्र काढायचं, म्हणजे जातीचा विटाळही आला. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना आणि विधवांना हे शिक्षण मिळावं म्हणून वर्ग चालवले, तेव्हा संस्था चालवणाऱ्या रमाबाई रानड्यांना घरोघरच्या आईबापांची समजूत काढावी लागली. त्या पहिल्या मुलींनी दाखवलेलं धैर्य मोठं होतं. पण तेव्हापासून ‘सिस्टर चांगल्या घरातली हवी, सोज्वळ हवी, उलट उत्तर न देणारी हवी’ ही अपेक्षा व्यावसायिक सचोटीत मिसळून गेली ती आजही वेगळी झालेली नाही. म्हणून वॉर्डात माणसं कमी आहेत अशी लेखी तक्रार करणारी परिचारिका ‘उद्धट’ ठरते आणि मुकाट्याने चाळीस रुग्ण सांभाळणारी ‘गुणी’. मला अभिप्रेत असलेलं चारित्र्य यातल्या पहिलीकडे जास्त आहे.

आता नाइटिंगेलच्याच आयुष्यातला दुसरा, कमी सांगितला जाणारा भाग. नोव्हेंबर १८५४ मध्ये, क्रिमियाच्या युद्धात, ती अडतीस परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. शिस्त, स्वच्छता, जागरण, माया, कशातच कमतरता नव्हती. तरीही त्या हिवाळ्यात तिथे मरणाऱ्या सैनिकांची संख्या वाढतच गेली. इमारतीखालची गटारं तुंबलेली होती, हवा खेळत नव्हती, पाणी दूषित होतं. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोगाची माणसं आली, त्यांनी गटारं उपसली, हवेशीर व्यवस्था केली, आणि त्यानंतर मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे मांडताना हे तिला पुरतं कळलं. पुढचं सारं आयुष्य तिने इमारती, मलनिःसारण, खाटांमधलं अंतर आणि आकडेवारी यांसाठी खर्च केलं. दर १२ मे रोजी, तिच्या जन्मदिनी, तिच्या तसबिरीला हार घालून परिचारिकांना समर्पणाचे धडे देणाऱ्या प्रशासकांनी तिने मंत्र्यांना आणि लष्कराला धाडलेली पत्रं वाचावीत. त्यांतली बरीचशी व्यवस्थेवरची तक्रार आहे.

आपल्या वॉर्डांतली तुंबलेली गटारं म्हणजे माणसांची टंचाई. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असं आहे. प्रत्यक्षात काय चालतं हे पाहायला सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री एक चक्कर टाकली की पुरे. समजा एका परिचारिकेकडे चाळीस रुग्ण आहेत. खाली गाद्यांवर झोपलेले धरले तर हा आकडा अनेक ठिकाणी कमीच ठरेल. रात्रपाळी आठ ते आठ, म्हणजे ७२० मिनिटं. एका रुग्णाच्या वाट्याला अठरा मिनिटं आली. त्यांतले आठ जण अंथरुणाला खिळलेले असतील आणि प्रत्येकाची कूस दर दोन तासांनी बदलायची तर रात्रीत अठ्ठेचाळीस वेळा ते करावं लागेल. एका वेळेला पाच मिनिटं धरली तर त्यातच चार तास गेले, आणि त्यालाही दोन माणसं लागतात; मामा-मावशी (वॉर्डबॉय आणि आया) बहुतेकदा दुसऱ्या वॉर्डात असतात. उरलेल्या वेळात इंजेक्शनांचे राऊंड, सलाईन लावणं-काढणं, मध्यरात्रीच्या दोन-तीन नव्या अॅडमिशन, एखादा मृत्यू, त्याची कागदपत्रं, पोलिसांना कळवणं, ब्लड बँकेला फोन, औषधांचं मागणीपत्र, ऑक्सिजनचं सिलिंडर, आणि सकाळी सात वाजता रिपोर्ट बुक पूर्ण.

या हिशेबात पहिला बळी कशाचा जातो? माझ्या मते प्रामाणिकपणाचा. टीपीआरचा तक्ता भरायचा असतो. चाळीस जणांचं तापमान, नाडी, श्वास प्रत्यक्ष मोजणं अशक्य असतं, आणि तक्ता रिकामा ठेवला तर सकाळी मेमो मिळतो. मग ज्यांची प्रकृती बरी दिसते त्यांच्या पुढे ९८.४, ८०, २० असे आकडे ओळीने लिहून टाकले जातात. नवी मुलगी पहिल्या आठवड्यात हे पाहून हादरते. तिला कॉलेजात शिकवलेलं असतं की मोजलं नाही ते लिहायचं नाही. महिन्याभरात तिचीही लेखणी त्याच आकड्यांवरून फिरू लागते. हे करताना तिला टोचतं, आणि एक दिवस टोचेनासं होतं. योग्य काय ते माहीत असूनही संस्थेच्या रचनेमुळे ते करता न येण्याच्या या अवस्थेला १९८४ साली अँड्र्यू जेमटन या अमेरिकी अभ्यासकाने ‘नैतिक यातना’ या अर्थाचं नाव दिलं. ज्या परिचारिकेला कामाची चाड नाही तिला या यातना होतच नाहीत. ती निवांत टिकते. ज्यांना चाड आहे त्याच आतून मोडतात, आणि मोडायच्या आधी निघून गेल्या की आपण त्यांना निष्ठाहीन म्हणतो. असं रुग्णालय आपल्या हाताने चांगल्या परिचारिकांना बाहेर काढतं आणि कोडग्यांना पदोन्नती देतं.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र इथेच येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परिस्थिती वाईट असतानाही निभावणाऱ्या परिचारिका आहेतच की! २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी घुसले तेव्हा अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर स्त्रियांना एका खोलीत नेऊन वाचवलं आणि पुढे न्यायालयात कसाबला ओळखलं. आणि मुंबईचंच केईएम रुग्णालय. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर त्याच रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कुशीवर वळवलं. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोर (पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ च्या निकालात घेतली आणि या शुश्रूषेला मनापासून दाद दिली. टंचाई केईएममध्ये नव्हती का? गर्दी नव्हती का? मग इतरांना का जमू नये?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी केईएमची गोष्ट पूर्ण सांगावी. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. अरुणाच्या उपचारांसाठी आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीत सुधारणा व्हावी म्हणून. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना केईएममधून हलवण्याचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिकांनीच विरोधात उभं राहून तो बेत हाणून पाडला. म्हणजे ज्या निष्ठेचे पोवाडे आपण गातो ती निष्ठा मालकाचा हुकूम मोडून टिकली. ती केईएमशी होती, पण केईएमच्या प्रशासनाशी किंवा महापालिकेशी नव्हती; ती एका खाटेशी आणि एकमेकींशी होती. शिवाय ती एकेकटीच्या पुण्याईवर बेचाळीस वर्षं चालली नाही. अरुणाला कधीही हिंडता-फिरताना न पाहिलेल्या, तिच्यानंतर जन्मलेल्या मुलींनीही तिची सेवा केली. हे कसं घडलं? रुग्णालयाशी जोडलेली नर्सिंगची शाळा होती, कायम नोकऱ्या होत्या, जुन्या सिस्टर्स नव्या मुलींना हाताला धरून खोलीत नेत होत्या, त्या रुग्णासाठी स्वतंत्र खोली होती. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, दर वर्षी बदलणाऱ्या एजन्सीमार्फत आलेल्या परिचारिकांकडून अशी परंपरा कुठून येणार? परंपरा पुढे द्यायला आधी दोन पिढ्या एकाच ठिकाणी भेटाव्या लागतात. केईएमचा दाखला देऊन कंत्राटी भरतीचं समर्थन करणाऱ्यांनी हे एकदा स्वतःशी तपासून पाहावं.

आणि संस्था आपली बाजू कशी निभावतात? ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागून दहा बाळं दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली, अकरा रुग्ण गेले. भंडाऱ्यात वरिष्ठांवर निलंबनासारखी प्रशासकीय कारवाई झाली, पोलिसांत गुन्हा मात्र दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. नगरमध्ये सुरुवातीला अटक झाली ती एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. त्या वेळी कक्षात परिचारिका नव्हत्या हा आरोप गंभीर आहे, त्याची चौकशी व्हायलाच हवी. माझं बाळ तिथे असतं तर मीही हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला असता. पण वायरिंग कुणी तपासायचं होतं? आग लागल्याची सूचना देणारी आणि ती विझवणारी यंत्रणा कुणी बसवायची होती? इमारत कुणाच्या सहीने सुरू झाली? मंत्रालयापासून बांधकाम खात्यापर्यंत जाणारी जबाबदारीची साखळी खाली येता येता गणवेशातल्या बाईपाशी येऊन थांबते, हे राज्यातल्या प्रत्येक परिचारिकेने तेव्हा पाहिलं. त्यानंतर तिच्याकडे संस्थानिष्ठेची मागणी करायची कुठल्या तोंडाने?

टिकून राहणं म्हणजे निष्ठा नव्हे, हे संशोधकांनीही फार पूर्वी वेगळं करून दाखवलं आहे. जॉन मेयर आणि नॅटली अॅलन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये कामाच्या ठिकाणाशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: मनापासून वाटतं म्हणून राहणं, राहायला हवं या ऋणभावनेने राहणं, आणि सोडणं परवडत नाही म्हणून राहणं. आपली खासगी रुग्णालयं तिसरा प्रकार कारखान्यासारखा तयार करतात आणि त्याला पहिल्याचं नाव देतात. बाँड लिहून घ्यायचा, मूळ प्रमाणपत्रं मेट्रनच्या कपाटात ठेवून घ्यायची, मध्येच सोडायचं तर दंड भर म्हणायचं. शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज डोक्यावर असलेली एकवीस-बावीस वर्षांची मुलगी मग राहते. २०११ साली मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या मल्याळी परिचारिकेने आत्महत्या केली, तेव्हा या बाँडच्या पद्धतीविरुद्धचा संताप रस्त्यावर आला आणि केरळात परिचारिकांची संघटना उभी राहिली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१६ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. आपल्या गावातल्या छोट्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला आज काय मिळतं, एकदा विचारून पाहावं. अडकवून ठेवलेली परिचारिका रोज कामावर येते. पण मन लावून काम करणं अडकवून मिळत नाही.

इथवर वाचून दुसऱ्या बाजूचे मित्र माना डोलावत असतील. त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते किरकोळ नाही. पगार आणि प्रमाण सुधारलं की बाकी सगळं आपोआप सुधारेल हा त्यांचा दावा मला मान्य नाही. प्रसूतिकक्षात कळा देणाऱ्या गरीब बाईला ‘तेव्हा बरं वाटलं, आता कशाला ओरडतेस?’ असं म्हणणारी, तिच्या मांडीवर चापट मारणारी परिचारिका कित्येकदा कायम नोकरीत असते, वेतन आयोगाप्रमाणे पगार घेत असते. हे इतकं सर्रास आहे की डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने प्रसूतिकक्षांसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू केला तेव्हा बाळंतिणीला सन्मानाने वागवणं हा त्याचा एक भाग करावा लागला. हा अपमान मनुष्यबळाच्या टंचाईतून येत नाही. श्रीमंत घरची, ओळखीची बाई आली की तीच सिस्टर गोड बोलते. म्हणजे कसं बोलायचं ते तिला माहीत आहे. दलित, आदिवासी, मुसलमान बाई आली की तिची जीभ सैल सुटते. बाळ झाल्यावर ‘खुशी’ मागणं, दुसऱ्या पाळीच्या माथी काम ढकलणं, गैरहजर मैत्रिणीची सही करणं, यांबद्दल संघटना किती वेळा बोलल्या आहेत? आपल्या सदस्येवर कारवाई झाली की मोर्चा निघतो. त्याच सदस्येने रुग्णाला दिलेल्या वागणुकीबद्दल मात्र एखादी अंतर्गत सभाही होत नाही. डॉक्टर, वकील यांच्यासारखा मान हवा असेल तर आपल्या व्यवसायातल्या वाईटाला आपण स्वतः हात घालायला हवा. ज्या दिवशी परिचारिकांची संघटना लेबर रूममधल्या शिवीगाळीविरुद्ध स्वतः पत्रक काढेल, त्या दिवशी तिच्या वेतनाच्या मागणीमागे रुग्णांचे नातेवाईकही उभे राहतील, अशी माझी खात्री आहे.

संस्थेवरची निष्ठा रुग्णापेक्षा वर गेली की काय होतं याचं सर्वांत भयानक उदाहरण इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड रुग्णालयाचं आहे. २००५ ते २००९ या काळात तिथे खर्च कपातीसाठी परिचारिकांची संख्या घटवली गेली, कारण प्रशासनाला ‘फाउंडेशन ट्रस्ट’ हा मानाचा दर्जा मिळवायचा होता. रुग्ण घाणीत पडून राहिले, हाताला लागेल असं पाणी न मिळाल्याने तहानेने तळमळले. कागदावर लक्ष्यं पूर्ण होत होती. तातडीच्या विभागातल्या एका परिचारिकेने वारंवार लेखी तक्रारी केल्या, तर तिला सहकाऱ्यांकडूनच धमक्या मिळाल्या. बाकीच्यांनी रुग्णालयाचं नाव राखलं. आपली माणसं गमावलेल्या कुटुंबांनी लावून धरल्यावर चौकशी झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल आला, त्यात २९० शिफारशी होत्या, आणि काही चुकलं तर ते रुग्णाला मोकळेपणाने सांगण्याचं बंधन पुढे तिथे कायद्यात आलं. त्या रुग्णालयाशी खरी बांधिलकी कुणाची होती? गप्प राहून वर्षानुवर्षं नोकरी केलेल्यांची, की तक्रारींमागून तक्रारी लिहिणाऱ्या त्या एकटीची?

उलट दिशेचा अनुभवही जमेला आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत परिचारिकांची मोठी टंचाई होती. तिथल्या नर्सिंग अकादमीने प्रश्न उलटा फिरवला: परिचारिका सोडून का जातात याऐवजी, टंचाईतही त्या कुठली रुग्णालयं सोडत नाहीत? १९८३ मध्ये अशी एकेचाळीस रुग्णालयं निवडून अभ्यास मांडला गेला. तिथे परिचारिकांचं म्हणणं प्रशासनात ऐकलं जात होतं, मुख्य परिचारिकेला निर्णयाचा अधिकार होता, शिकायला वाव होता, डॉक्टर त्यांना बरोबरीने वागवत होते. २००२ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि परिचारिकांचं थकून जाणं, नोकरीवर नाराज असणं तर त्याहून वेगाने वाढलेलं दिसलं. रुग्णाचं मरण आणि परिचारिकेचं विटणं एकाच मुळातून येत होतं. अमेरिका श्रीमंत आहे, तिची तुलना आपल्याशी नको, असं कुणी म्हणेल. पैशांची तुलना नकोच. पण इन्चार्ज सिस्टरचं म्हणणं ऐकायला, डॉक्टरांनी तिच्यावर वॉर्डात सर्वांदेखत न खेकसायला, ड्यूटीचा तक्ता आठवडाभर आधी लावायला कुठला निधी मंजूर करून घ्यावा लागतो?

मे २०२० मध्ये, करोनाच्या ऐन भरात, मणिपूरच्या शेकडो परिचारिका कोलकात्यातली खासगी रुग्णालयं सोडून घरी निघून गेल्या, तेव्हा त्यांना पळपुट्या म्हटलं गेलं. वेळेवर न मिळणारे पगार, चेहऱ्यामोहऱ्यावरून ‘करोना’ म्हणून होणारी हेटाळणी, घरमालकांचा जाच, हे त्या सांगत होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत केरळातून डॉक्टर आणि परिचारिकांचं पथक मुंबईला मदतीला आलं. धोका मुंबईतही काही कमी नव्हता. ‘पळून गेलेल्या’ आणि ‘धावून आलेल्या’ अशा दोन जातींच्या परिचारिका नसतात. आपल्यामागे कुणीतरी उभं आहे, हा विश्वास एकीकडे होता, दुसरीकडे नव्हता.

मग मागणी काय करायची? सेंट थॉमसमध्ये १८६० साली जसा परिचारिकेचा मासिक तक्ता होता, तसा आता रुग्णालयाचा हवा, आणि तो दर्शनी भागात लागायला हवा. या महिन्यात किती रात्री एका परिचारिकेकडे ठरल्यापेक्षा जास्त रुग्ण होते, परिचारिकांनी दिलेल्या किती लेखी सूचनांना उत्तर गेलं, किती जणी सोडून गेल्या आणि जाताना काय सांगून गेल्या, किती पदं रिकामी आहेत आणि कधीपासून. परिचारिकेच्या चारित्र्याचा रकानाही खुशाल राहू द्या, पण तो भरताना तिने स्वतःची चूक स्वतः कळवली का, दुबळ्या रुग्णाशी ती कशी बोलते, आणि वॉर्डात काही धोकादायक दिसलं तेव्हा तिने लेखी कळवलं का, हे पाहा. चूक कळवणारीला शिक्षा आणि लपवणारीला अभय ही आजची रीत आधी बंद व्हायला हवी. ती असेपर्यंत टीपीआरच्या तक्त्यावर ९८.४ लिहिलं जाणारच. आणि पुढे कधी कुठल्या वॉर्डात दुर्घटना घडून चौकशी समिती बसलीच, तर तिने आधी त्या रात्रीचा ड्यूटी चार्ट आणि मागच्या वर्षभरात त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरने प्रशासनाला पाठवलेली सगळी पत्रं, त्यांच्यावरच्या शेऱ्यांसकट, मागवावीत. परिचारिकेचा जबाब त्यानंतर घ्यावा.